गाळलेला फासा

तिला सगळे घार म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ठेवणाऱ्याला विनोदाची चांगली जाण असली पाहिजे. घार आभाळात पंख न हलवता निवांत तरंगते. ही बाई मात्र टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये, बांधकामाच्या सगळ्यात वरच्या स्लॅबच्याही वर, दिवसभर जीव मुठीत धरून बसायची. शिडी चढताना घाबरायची, उतरताना घाबरायची, आणि हुकाला सळ्यांची मोळी लटकत असली की खाली पिवळ्या टोप्या घालून हिंडणारी माणसं ती पुन्हा पुन्हा मोजायची. घरातला स्टूलसुद्धा ती आधी हलवून बघायची, मगच त्यावर पाय ठेवायची. सासू म्हणायची, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. एवढी धास्ती वाटते तर जमिनीवरचं काम बघ ना बाई. आणि तीच सासू शेजारणींना सांगत फिरायची की आमच्या सुनेला तिच्या खुर्चीतून अख्खं शहर तळहातावर दिसतं.

आधी ती एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायची. तिथे तिने कधी एक खोकं पाडलं नाही म्हणून कंपनीने तिला क्रेन शिकायला पाठवलं. शिकवणारा ऑपरेटर निवृत्तीला टेकलेला होता, तोंडाने फटकळ आणि हाताने अतिशय हळुवार. पहिल्याच दिवशी ती शिडीच्या मध्यावर थांबली आणि हुंदके द्यायला लागली. तो खालच्या पायरीवर उभा होता. त्याने तिला ना धीर दिला ना घाई केली. रडून झाल्यावर एवढंच म्हणाला, "भीती वाटते ते उत्तमच आहे. ज्याला वाटत नाही त्याला मी शिडीला हात लावू देत नाही. भीती म्हणजे राहून गेलेल्या कामाची आठवण. काम नीट कर, मग ती आपोआप गप्प बसते."

हे वाक्य तिने गाठीला बांधलं. त्यावर तिचा संसार चालला असं म्हटलं तरी चालेल. दोर तपासायचे, हुकाची पट्टी बंद होते का बघायचं, सिग्नलवाल्याने हात वर केल्याशिवाय काही उचलायचं नाही. आपण नीट वागलो की वाईट होत नाही, इतका साधा तिचा हिशोब होता. भीती रोज सकाळी यायची, आणि एकेक काम हातावेगळं झालं की एकेक पायरी खाली उतरायची.

दिवसाचं शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं. क्रेनचा जो आडवा लांब हात असतो, त्याला बूम म्हणतात. काम चालू असताना तो ब्रेकवर धरलेला असतो, नाहीतर वाऱ्याबरोबर भरकटेल. पण घरी जाताना मात्र तो ब्रेक सोडून यायचा. ब्रेक सुटलेला असला की बूम वारा येईल तसा आपणहून वळतो, वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो आणि वादळसुद्धा अंगावरून जाऊ देतो. ब्रेक लागलेला राहिला तर तोच बूम वाऱ्याला आडवा पडतो, आणि मग जोराच्या वाऱ्यात अख्खी क्रेन मुळापासून उलथू शकते. नवशिक्याला वाटतं की बांधून ठेवलेलं सुरक्षित. क्रेनचं उलटं आहे. ती सोडलेलीच बरी.

आता रविवारच्या खेळाबद्दल सांगायला हवं, कारण तोच या सगळ्याच्या मुळाशी आहे. घारीचा नवरा हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आचारी होता, त्यामुळे रविवारी त्याला सुट्टी नसे. म्हणून ती दुपारी दिराकडे जायची. दीर पडदे शिवायचा. लॉन्ड्रीच्या वर त्याच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत कापायचं मोठं टेबल आणि आत बायको, तान्ही मुलगी आणि पाळणा. ही लॉन्ड्रीची इमारत घारीच्या बांधकामाला अगदी खेटून होती. रोज वरून तिला दिराच्या गच्चीवर वाळत घातलेली दुपटी दिसायची. ओझं घेऊन त्या घरांवरून बूम न्यायचा नाही असा नियम होता आणि तो तिने कधी मोडला नव्हता.

रविवारी या टेबलावर फाशांचा खेळ रंगायचा. आपल्याला माहीत असलेला सोंगट्या-घरांचा खेळ नव्हे. यात एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. दार फुटेल की नाही, उडी जमेल की नाही, असा प्रश्न आला की फासे टाकायचे आणि फासे म्हणतील ते खरं. गोष्ट सांगायचा मान दिराचा. गोष्ट रंगावी म्हणून तो भर दुपारी खिडकीला जाड दुहेरी पडदे ओढायचा आणि टेबलावर एकच दिवा लावायचा. खेळायला घार, दिराची बायको म्हणजे तिची धाकटी जाऊ, आणि दिराचा मित्र. हा मित्र दातांच्या कवळ्या बनवायचा. त्याला कवळीवाला याखेरीज कुणी काही म्हणत नसे आणि त्यालाही ते चालायचं.

कुठल्या वेळी किती फासे टाकायचे आणि त्यातले कुठले मोजायचे याचे नियम असतात. ते लिहायची दिराची आपली एक पद्धत होती. मापं लिहायच्या खडूने तो टेबलावरच्या अस्तरावर खुणा करायचा. '४फ६ग१' लिहिलं की सहा बाजूंचे चार फासे फेक आणि सगळ्यात कमी आलेला एक गाळ. '२फ२०ठव' म्हणजे वीस बाजूंचे दोन फेक आणि वरचा, म्हणजे जास्तीचा ठेव. आणि '२फ२०ठख' म्हणजे दोन फेक, पण खालचा ठेव. बाहेरच्या माणसाला हे कापड बिघडल्यासारखं दिसायचं. कवळीवाला म्हणायचा, ग्राहकाने चुकून हेच अस्तर नेलं तर त्याच्या दिवाणखान्यात राक्षस निघतील.

घारीला यातला पहिला नियम फार आवडला. गोष्टीत नवीन माणूस घडवताना त्याची ताकद, अक्कल, नजर अशी एकेक गोष्ट फाशांवर ठरते आणि तिथे चार फेकून एक गाळायची मुभा असते. तिने फेकले तेव्हा पाच, चार, सहा आणि एक आले. दिराने तो एकचा फासा बोटाने टेबलाच्या कडेला सारला आणि म्हणाला, पंधरा. तो एक जणू आलाच नव्हता! तिला हे इतकं अजब वाटलं की ती दिराला म्हणाली, भावजी, ही सवलत जगात आणखी कुठे मिळते? तिने वेशीवरची पहारेकरीण घडवली. तिचा भित्रेपणा इथेही सुटला नाही म्हणून सगळे हसले.

पण तो नियम तिने घरी नेला. दिवसभरात चार गोष्टी घडल्या तर रात्री नवऱ्याला सांगताना ती म्हणायची, वाईट ती गाळली. नवऱ्याला मजा वाटायची. सासूशी खटका उडाला, गाळला. सुपरवायझर खेकसला, गाळला. मनात येणाऱ्या भलत्यासलत्या शंकांनाही तिने हेच औषध लावलं. गॅस बंद केला का? तीनदा आठवून बघितलं तर केला, एकदा वाटलं नाही केला. मग ते एकदाचं गाळ आणि झोप. आयुष्यात पहिल्यांदा तिला बरी झोप लागायला लागली होती. तिला त्या झोपेचा कुणी दोष देऊ नये; जन्मभर जागं राहिलेल्या माणसाला थोडी डुलकी लागतेच.

त्या रविवारी सकाळपासून हवा कोंदट होती. दुपारी खेळ सुरू झाल्यावर थोड्या वेळाने पडदे हलायला लागले. जाड पडदे, दुहेरी शिवणीचे, पण फटीतून वारा आला की फुगायचे आणि पुन्हा भिंतीला चिकटायचे. कुठेतरी पत्रा वाजला. कवळीवाला म्हणाला, गोष्टीला साजेशी हवा पडली. जाऊ आत जाऊन पाळणा बघून आली, मुलगी गाढ झोपली होती.

पडदा तिसऱ्यांदा फुगला आणि घारीच्या मनात शंका आली. काल ब्रेक सोडला का?

सोडला. सोडलाच असणार, रोजच सोडते. तिने टेबलाखाली हात घट्ट धरले आणि शनिवारची संध्याकाळ आठवून बघितली. हातमोजा ब्रेकच्या दांड्याला अडकला, तो सोडवून दांडा वर सरकवला. बरोबर. पुन्हा आठवलं. दांडा वर गेला तेव्हा खट् आवाज आला. बरोबर. पुन्हा. सूर्य डोळ्यांवर होता, तिने एका हाताने आडोसा केला आणि दुसऱ्या हाताने दांडा सरकवला. बरोबर. आणि चौथ्यांदा आठवलं तेव्हा फोन वाजला. हात दांड्याकडे निघाला होता आणि फोन वाजला. जाऊ विचारत होती, उद्या येताय ना ताई? मग तिने फोन खांद्याला लावला, डबा पिशवीत टाकला आणि शिडीचं झाकण उघडलं. त्या आठवणीत दांडा कुठेच नव्हता.

चारातल्या तीन चांगल्या. एक गाळ. तिने ती गाळली, समोरचा चहा घेतला आणि फासे उचलले.

पण ती गाळलेली आठवण टेबलाच्या कडेलाच पडून राहिली. पडदा हलला की तीही हलायची. उठून पडदा बाजूला करायचा आणि वर बघायचं, एवढंच काम होतं. बूम वाऱ्याबरोबर वळलेला असला तर ब्रेक सुटलेला, आडवा उभा असला तर लागलेला. खिडकी चार पावलांवर होती. तिला उठवेना. बघितलं नव्हतं तोवर तीन चांगल्या आठवणी तिच्या बाजूला होत्या. बघितलं की एकच खरी उरणार होती. आणि आत पाळण्यात मूल होतं, तिच्याच क्रेनच्या खाली.

तेवढ्यात गोष्टीत तिचीच पाळी आली. पहारेकरीण वेशीपासून लांब आली होती, अंधार पडला होता, मागून घोड्यांच्या टापा येत होत्या. दिराने विचारलं की तू निघताना वेशीचा अडसर लावला होतास की नाही, ते आता तुला आठवायचं आहे. आणि त्याने खडूने लिहिलं, '२फ२०ठख'.

घारीने ते वाचलं. तिने विचारलं, वरचा का नाही ठेवायचा? ही तर मुरलेली पहारेकरीण आहे, तिने रोज हेच केलंय. आवाज इतका चढा लागला की जाऊने तिच्याकडे बघितलं.

दिराला वाटलं वहिनी खेळात रंगली आहे. तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, रोज केलंय म्हणूनच. रोजचं काम कालचं की परवाचं ते मनाला कळत नाही. त्यातून ती घाबरली आहे. घाबरलेल्या माणसाला जे हवं असतं तेच आठवतं. अशा वेळी वाईट तेच खरं धरायचं."

"आणि चार फेकून एक गाळायचा तो?"

"तो नियम माणूस घडवण्यापुरता. माणूस वाचवायची वेळ आली की तो चालत नाही."

तिने फासे टाकले. सतरा आले आणि चार आले. दिराने सतराचा उचलला आणि बाजूला ठेवला. घार त्या चारकडे बघत उभी राहिली, मग चालत खिडकीपाशी गेली आणि दोन्ही पडदे ओढले.

उजेडाने सगळ्यांचे डोळे दिपले. रस्त्यावरची झाडं एका अंगाला वाकली होती, कागद आणि पिशव्या एकाच दिशेला उडत होत्या. आणि वर बूम वाऱ्याला आडवा, लॉन्ड्रीच्या गच्चीच्या वर, तसूभरही न हलता उभा होता.

घारीने मोबाइल काढला. तिने सुपरवायझरला फोन लावला. तो त्याच्या घरी होता, मागे टीव्ही चालू होता. तिने सांगितलं की ब्रेक लागलेला राहिलाय, चूक माझी आहे, खालची घरं रिकामी करा. तो आधी हादरला आणि मग, घाबरलेली माणसं करतात तसं, समजूत घालायला लागला. क्रेनच्या टोकावरच्या, वाऱ्याचा ताशी वेग मोजणाऱ्या यंत्राचे आकडे त्याच्या मोबाइलवर दिसायचे. ते त्याने वाचून दाखवले. अठ्ठेचाळीस, पन्नास, सत्त्याऐंशी, पंचेचाळीस. म्हणाला, तो सत्त्याऐंशीचा एक झोत होता, तो सोडून द्या, बाकी काही एवढं नाही. तो अगदी घारीसारखाच बोलत होता.

"साहेब, क्रेन सरासरीने पडत नाही," ती म्हणाली. "त्या एका झोतानेच पडते."

मग त्याने आवाज खाली आणला. वॉचमनकडे किल्ली आहे, असं म्हणाला. तुम्ही पटकन वर जाऊन ब्रेक सोडून या. कुणाला काही कळायचं कारण नाही, तुमचं लायसन्स राहील आणि माझी मान.

आणि खरं सांगायचं तर तिला ते हवंहवंसं वाटलं. शिडीची तिला सवय होती, दारोदार जाऊन आपली चूक सांगायची नव्हती. वर चढून दांडा सरकवायचा आणि गुपचूप खाली यायचं. चूक झालीच नव्हती असं होऊन जाणार होतं. पण एवढ्या वाऱ्यात शिडीवर जायचं नाही हा नियम होता, आणि तो तिच्या जिवापुरता नव्हता. ती वर लटकलेली असताना खाली पाळणा तिथेच राहणार होता आणि कुणाला काही माहीतच नसणार. तिने सांगितलं की मी जाणार नाही, आणि फोन ठेवला.

दिराने खडू खाली ठेवला. बायकोला म्हणाला, मुलीला घे. कवळीवाल्याने अग्निशमनला फोन लावला आणि पत्ता सांगता सांगता जिना उतरला. घारीने दारं ठोठावायला सुरुवात केली. पहिलं दार लॉन्ड्रीवाल्याचं. तो इस्त्री करत होता. त्याने विचारलं, कोण म्हणतं क्रेन पडेल? तिने सांगितलं, "मी म्हणते. ती मीच चालवते. ब्रेक सोडायला मी विसरले." हे वाक्य तिला त्या दुपारी प्रत्येक दाराशी म्हणावं लागलं. पुढच्या पुढच्या दाराला ते सोपं होत जाईल असं तिला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. एका घरात जेवणं चालली होती. एका बाईचे केस साबणाने भरलेले होते, ती तशीच टॉवेल गुंडाळून निघाली. एक गृहस्थ मॅच बघत होते, त्यांनी आधी तिला वेड्यात काढलं आणि मग खिडकीतून वर बघून चपला उलट्या घालून धावले. एक म्हातारबुवा म्हणाले, पोरी, विसरलीस तर विसरलीस, पण मला उचलायला कुणीतरी बोलव. त्यांना दिराने आणि लॉन्ड्रीवाल्याने खुर्चीसकट उतरवलं.

रस्त्याच्या टोकाला एका मोठ्या दुकानाचं तळघरातलं पार्किंग होतं, सगळे तिथे जमले. अग्निशमनच्या जवानांनी रस्त्यावर पट्टी लावली आणि कुणालाही पुढे जाऊ दिलं नाही. वाऱ्याचा जोर वाढला. पार्किंगच्या उतारावरून क्रेन दिसत होती. तिचा खांब वरच्या अंगाला हलत होता, घारीच्या सवयीच्या डोळ्यांना ते स्पष्ट दिसत होतं, आणि प्रत्येक झोताबरोबर लोखंड कण्हल्यासारखा आवाज यायचा. कुणीतरी मूल छातीशी आणखी घट्ट धरलं. जाऊ तिच्या शेजारी मुलीला घेऊन उभी होती, आणि घारीला तिच्याकडे मान वळवून बघायचं धाडस होईना. तिला आयुष्यभर ज्याची भीती वाटली ते समोर उभं होतं आणि ते तिच्या हाताने झालं होतं. पड, असंही एकदा तिच्या मनात आलं. एकदाची पड आणि संपव.

क्रेन पडली नाही. तिन्हीसांजेला वारा फिरला, बूमच्या पाठीमागून यायला लागला, आणि हळूहळू ओसरला. जवानांनी आणखी थोडं थांबवून मग माणसांना घरी सोडलं. संकट टळलं की राग येतो, हा मनुष्यस्वभाव आहे. तो त्यांनाही आला. करपलेल्या भांड्याचा, बंद पडलेल्या मॅचचा आणि ओल्या केसांच्या सर्दीचा राग सगळा तिच्याकडे बघून व्यक्त झाला. अशांना वर पाठवतातच का, असं एक बाई मोठ्याने म्हणाली. घारीला ते रास्त वाटलं. नवरा हॉस्पिटलमधून ॲप्रन घालूनच धावत आला होता. त्याने तिचा हात धरला आणि घरी नेलं. ती वाटेत म्हणाली, मी ती गाळली होती, मी माहीत असून गाळली. त्याला अर्थ कळला नाही, तरी तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कंपनीने मेकॅनिकला वर पाठवलं. तिला वर जायची मनाई होती. ती साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात बाकावर बसली आणि सांगायची वाक्यं मनात जुळवत राहिली. लायसन्स जाईल हे तिने धरूनच टाकलं होतं. एका परीने ती शांत होती. चूक काय ते ठाऊक होतं, चुकीला नाव होतं, शिक्षा भोगली की संपणार होतं.

मेकॅनिक खाली आला तेव्हा त्याचे हात काळे होते. तो म्हणाला, "दांडा तर वरच आहे. तुम्ही ब्रेक सोडला होता, बाई."

सुपरवायझर खुर्चीतून उठला. मेकॅनिकने सांगितलं की दांडा सरकला पण आतली एक पट्टी गंजून चाकाला घट्ट चिकटली होती, ती सुटलीच नाही. दिवसा मोटरच्या जोरावर बूम फिरत राहायचा, म्हणून बाहेरून काही कळायचं कारण नाही. त्यालाही ती पान्ह्याने उचकटावी लागली. सुपरवायझरने सुटकेचा असा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. तुम्ही उगाच गावभर स्वतःला बदनाम करून घेतलंत, म्हणाला, आणि तिच्यासाठी चहा मागवला. आदल्या रात्री तिने फोनवर दिराला त्या चार आठवणींचं सगळं सांगितलं होतं; त्याला हे कळलं तेव्हा तो तर आनंदाने ओरडलाच. वहिनी, तुमच्या तिन्ही आठवणी खऱ्या निघाल्या! सासूने सगळ्या शेजारणींना गाठून गाठून सांगितलं. साबणाच्या केसांची बाई स्वतःहून येऊन गेली, तोंडाने नाही पण डोळ्यांनी माफी मागून गेली.

घार मात्र त्या ऑफिसातून बाहेर आली आणि विटांच्या ढिगामागे जाऊन ओकली. तिला स्वतःलाच हे समजेना, आणि जेव्हा समजलं तेव्हा ते कुणाला सांगावं हे कळेना. चूक तिची असती तर बरं झालं असतं. चूक असती तर उपाय होता. उद्यापासून दोनदा बघितलं असतं, फोन बंद ठेवला असता. पण तिने तर सगळं नीट केलं होतं. हातमोजा सोडवला होता, दांडा वर केला होता, खट् आवाज ऐकला होता. नीट वागूनसुद्धा बूम त्या पाळण्यावर आडवा उभा राहिला. मग आता भीतीला गप्प बसवायचं कशाने? इतकी वर्षं ती ज्या दोराला धरून चढत होती तो दोर वर कशालाच बांधलेला नव्हता, असं तिला वाटलं, आणि अशी भीती तिला शिडीच्या पहिल्या दिवशीही वाटली नव्हती.

आठवडाभराने नवीन पट्ट्या बसल्या, तपासणी झाली आणि तिला पुन्हा वर पाठवलं. नवऱ्याने काम सोड म्हटलं होतं. ती म्हणाली, मी नाही बसले तर त्या खुर्चीत दुसरं कुणी बसेल, आणि ते कदाचित घाबरणारं नसेल. दिवसभर तिने नेहमीसारखी ओझी उचलली. सिग्नलवाला म्हणाला, घारबाई, हात अगदी तसाच आहे. संध्याकाळी तिने ब्रेकचा दांडा वर सरकवला, त्यावर हात ठेवून थोडा वेळ तशीच बसली आणि उतरली.

सगळे कामगार गेले. ती फाटकाबाहेर आली आणि रस्त्याच्या पलीकडे उभी राहून वर बघायला लागली. बूम आपणहून वळलेला एकदा दिसला की घरी जायचं, असं तिने ठरवलं होतं.

हवा पडली होती. झाडाचं पान हलत नव्हतं. दिराच्या खिडकीतून पाळण्याची करकर ऐकू येत होती. वॉचमनने विचारलं, बाई, काही राहिलं का? ती नाही म्हणाली. नवऱ्याचा फोन आला, तर येते म्हणाली. अंधार पडत आला, बूमच्या टोकाचा लाल दिवा लागला, आणि ती त्या दिव्याकडे बघत, वाऱ्याची वाट बघत तिथेच उभी राहिली.